उणे ११ मध्ये गाडी दोन मीटर मागे घेतली आणि टायर तडकले

मागचं_चाक (धागाकर्ता)

मंडळी, आधीच कबूल करतो, चूक माझीच आहे. शिव्या घालायच्या तर घाला, पण सोबत उत्तरंही द्या.

गाडी दोन दारांची कूप. टायर उन्हाळी, तेही ट्रॅकच्या बाजूला झुकलेले, नक्षी नावापुरती. हिवाळ्यात ही गाडी चालवायची नाही हे ठरलेलं. शेडमध्ये उभी करायची, कव्हर घालायचं, बॅटरी चार्जरला लावायची आणि थंडी सरेपर्यंत विसरायचं. शेडला हीटर नाही. तीन हिवाळे काही बिघडलं नव्हतं.

परवा सकाळी गाडीच्या नाकासमोर भिंतीला टेकवलेली शिडी हवी होती. बाहेर उणे ११, आत फार तर एखाद-दोन अंश बरं. दार उघडायला गेलो तर चिकटलेलं. काच बिनचौकटीची आहे, म्हणजे हँडल ओढलं की आधी काच सेंटिमीटरभर खाली सरकते आणि मग दार सुटतं. मोटर घुरघुरली, काच ढिम्म. मी हिसका दिला. दार उघडलं, पण वरच्या बीडिंगची, म्हणजे काचेला टेकणाऱ्या रबरी पट्टीची, कड बोटभर फाटून काचेला लोंबत राहिली.

एवढं होऊनही शहाणपण आलं नाही. गाडी सुरू केली, जागेवरच स्टिअरिंग पूर्ण डावीकडे मारलं आणि दोन मीटर मागे घेतली. पुढच्या चाकांखाली सुक्या काटक्या मोडाव्यात तसा आवाज आला. म्हटलं बर्फ असेल. शेडच्या आत बर्फ कुठून येणार, हे शिडी काढून झाल्यावर सुचलं.

आता पुढच्या दोन्ही टायरांवर आडव्या भेगा दिसताहेत. प्रश्न असे:

टायर खरंच गेले का, की वरवरचं आहे? दोन मीटरमध्ये टायर जातो? बीडिंगचं काय करू? आणि उरलेला हिवाळा काढायचा कसा? अजून दोन महिने थंडी आहे.

वाचनमात्र

शिडीचा वापर झाला का शेवटी?

मागचं_चाक

झाला. बल्ब बदलला. बहुधा आयुष्यातला सगळ्यात महाग बल्ब.

गोठणबिंदू

दोन मीटर पुष्कळ झाले. माझा एक टायर गाडी ट्रेलरवरून उतरवताना गेला होता, ते अंतर तर त्याहून कमी.

पण आधी खात्री करा, आणि तीही घाई न करता. टायर थंड आहेत तोवर काहीही करू नका. जॅक लावू नका, चाक फिरवू नका, हवासुद्धा भरू नका, कारण हवा भरतानाही रबर ताणलं जातंच. शेडचं तापमान ५ अंशांच्या वर न्या आणि टायरांना तिथे पूर्ण एक दिवस बसू द्या. रबर हळू गरम होतं. हवा १५ अंशांवर गेली म्हणजे टायरचा गाभाही तिथे पोचला असं नसतं.

मग टॉर्च आडवी धरून बघा, समोरून नाही. तिरक्या उजेडात भेगेची सावली पडते. थंडीत तडकलेली भेग ब्लेडने कापल्यासारखी असते, कडा धारदार, आतलं रबर काळंभोर आणि ताजं. बहुतेक वेळा ती नक्षीच्या खाचेच्या तळातून किंवा गोटीच्या, म्हणजे नक्षीतल्या रबराच्या ठोकळ्याच्या, कोपऱ्यातून सुरू होऊन टायरच्या रुंदीला आडवी जाते. काही ठिकाणी नखाएवढा तुकडाच उडालेला असतो. उलट, वयाने पडलेल्या भेगा बाजूच्या भिंतीवर असतात, उथळ आणि जाळीदार, आतून राखाडी. त्या वेगळ्या, त्यांचा दोष या थंडीला देऊ नका.

पहिल्या प्रकारची एकही भेग दिसली तर टायर बाद. पंक्चरसारखी ती बुजवता येत नाही. आणि स्पोर्ट्स कारच्या टायरवर अशी भेग घेऊन ताशी दोनशेला जायचा प्रयोग कुणी करू नये. वॉरंटीचीही आशा नको, हे नुकसान वापरणाऱ्याच्या नावावर लिहिलं जातं.

मिशेलिन आपल्या उन्हाळी टायरांबद्दल लेखी सांगते की उणे ७ अंश किंवा त्याखाली ते वापरू नका, साठवू नका, वाकवू नका. चुकून तेवढे थंड झालेच तर हलवण्याआधी ५ अंशांच्या वरच्या जागेत २४ तासांपर्यंत ठेवा. वर सांगितलेला एक दिवस तिथूनच आलाय. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या मॅन्युअलमध्येही उणे ७ हाच आकडा आहे. मुळात तो फॅरनहाइटमधला २० आहे, म्हणून सेल्सियसमध्ये असा अवघडलेला दिसतो.

जुना_पापी

हे सगळं टायर खपवायचे धंदे आहेत राव. मी उन्हाळी टायरांवर शून्याखाली कित्येकदा गाडी चालवली. उणे तीन-चारलाही चालवली. टायर अजून ठणठणीत. सात अंशांखाली गेलं की टायर मरतो म्हणणाऱ्यांनी मला मेलेला टायर दाखवावा.

गोठणबिंदू

पापीभाऊ, तुम्ही दोन सातांची गल्लत करताय, आणि तुम्ही एकटे नाही, निम्मं जग करतं.

अधिक ७ अंश हा पकडीचा आकडा. त्याच्याखाली उन्हाळी टायर कडक व्हायला लागतो, ब्रेक लागायला जास्त अंतर घेतो, ओल्यात घसरतो. पण टायरला इजा होत नाही, झाली तर तुम्हाला होईल. उणे ७ हा टायरच्या जिवाचा आकडा. तिथे रबरच तडकू शकतं. तुम्ही उणे तीनला चालवलीत म्हणजे पहिली मर्यादा मोडली आणि दुसरीच्या अलीकडे राहिलात. शिवाय तुमचे टायर साधे उन्हाळी असतील, धागाकर्त्यांचे जवळपास रेसचे आहेत. जितका ट्रॅकसाठीचा टायर, तितका थंडीत नाजूक.

जुना_पापी

उणे तीनला एकदा वळणावर गाडी सरळ गेली होती, ते आठवलं. बरं. पुढे बोला.

भट्टी_नंबर_तीन

पोटापाण्यासाठी रबराचे मिश्रण बनवते, टायरांचे नाही, सीलचे. पण घराणं एकच, म्हणून लिहिते.

रबराला एक तापमान असतं, त्याच्याखाली ते रबर राहत नाही, काचेसारखं होतं. आमच्या धंद्यात त्याला काच-संक्रमण म्हणतात. नैसर्गिक रबराचं हे तापमान उणे ७० च्या आसपास, पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबराचं उणे १०० च्या आसपास. मिश्रणात स्टायरीन या रसायनाचा वाटा वाढवला की ते वर सरकतं. निव्वळ पॉलिस्टायरीन, म्हणजे ठिसूळ पारदर्शक डब्याचं प्लास्टिक, अधिक १०० लाच काच होतं. यावरून अंदाज करा स्टायरीन कुठल्या दिशेला ओढतं ते.

आता टायर बनवणारा मुद्दाम हे तापमान वर का नेईल? कारण पकड तिथेच असते. रबर रस्त्याच्या खडबडीत कणांवर दबतं आणि लगेच पूर्ववत न होता थोडी ऊर्जा गिळतं, त्या गिळण्यातून पकड मिळते. काच-संक्रमणाच्या जवळचं रबर जास्त गिळतं. म्हणून ट्रॅकचा टायर त्या कड्याच्या अगदी काठावर उभा केलेला असतो. उन्हाळ्यात तो काठापासून लांब असतो, थंडीत कडाच त्याच्या पायाखाली येतो. हिवाळी टायर त्याच कारणाने उलट बनवतात, कड्यापासून दूर, म्हणून ते उन्हाळ्यात मऊ पडतात आणि भराभर झिजतात.

अजून एक गोष्ट, जी फार कमी लोक सांगतात. रबर वेगाने वाकवलं तर ते आहे त्यापेक्षा थंड असल्यासारखं वागतं. थंड रबर सावकाश वाकवलं तर एखादवेळी सोसतं, झटका दिला तर तडकतं. उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवणं म्हणजे टायरचा जमिनीला टेकलेला तळवा जागच्या जागी पिळणं. याहून वाईट तुम्ही काही करू शकला नसता. मागचे टायर बहुधा वाचले असतील, कारण ते नुसते गरगरले, पिळले गेले नाहीत. तरी तपासा.

नुसतं थंडीत पडून राहिलेलं रबर बहुतेक वेळा गरम झालं की पूर्वीसारखं होतं. तुमचे टायर तीन हिवाळे त्याच शेडमध्ये वाचले, कारण तुम्ही त्यांना हात लावला नाहीत.

मागचं_चाक

ताई, हे वाचून शिडी विकायची इच्छा होतेय. आणि बीडिंग? तेही काच झालं होतं का?

भट्टी_नंबर_तीन

नाही, आणि इथेच लोक चुकतात. दाराचं बीडिंग बहुतेक गाड्यांत ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं. ते उणे ४० पर्यंत आरामात लवचिक राहतं. उणे ११ ला त्याला काही होत नाही. फाटलं ते बर्फामुळे. बीडिंगच्या पातळ कडेवर, म्हणजे ओठावर, ओलावा होता, तो काच आणि रबर यांच्यामध्ये गोठला आणि त्याने डिंकासारखं धरून ठेवलं. तुम्ही ओढलंत तेव्हा बर्फ सुटण्याआधी रबराचा पातळ ओठ सुटला.

म्हणून दोन्हींचा इलाज वेगळा. टायरला ऊब लागते, बीडिंगला कोरडेपणा. शेड गरम केली पण ओलावा तसाच राहिला तर पुढच्या गारठ्यात दार पुन्हा चिकटेल.

फाटलेला तुकडा अजून लोंबत असेल तर टाकू नका. दोन्ही कडा स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरड्या करून सायनोॲक्रिलेटचा, म्हणजे क्षणात चिकटणाऱ्या गोंदाचा, एकच थेंब. जास्त लावलात तर तो भाग खुळखुळ्यासारखा कडक होतो आणि काचेवर खर्र खर्र वाजतो. हे तात्पुरतं. ओठ जिथे काचेला टेकतो तिथेच फाटला असेल तर पाणी शिरणारच, ती पट्टी शेवटी बदलावी लागेल. बदलताना नवीन पट्टी ताणून बसवू नका. ताणलेली पट्टी पुढे आकसते आणि कोपऱ्यात फट पडते.

तेलकट_हात

ताईंना पूर्ण अनुमोदन. गॅरेजमधला अनुभव जोडतो.

थंडीत चिकटलेलं दार ओढायचं नाही, आधी आत ढकलायचं. दोन्ही तळहात दाराच्या कडेला लावून वरपासून खालपर्यंत अंगाचा भार द्यायचा. बर्फाचा थर ठिसूळ असतो, दाबला की 'कट् कट्' मोडतो. मग हँडल. बिनचौकटीच्या काचेला हे फार महत्त्वाचं, कारण काच उतरली नाही तर फक्त बीडिंग जात नाही, काच वरखाली करणारी तार किंवा प्लास्टिकची क्लिपही जाते. मोटर घुरघुरतेय आणि काच हलत नाहीये, म्हणजे हात थांबवायचा. दुसऱ्या बाजूचं दार बघा, डिकीतून जाता येतं का बघा, अर्धा तास थांबा.

गरम पाणी ओतू नका. काच तडकते, आणि नाही तडकली तर तेच पाणी खाली कुलपात आणि काचेच्या खोबणीत जाऊन संध्याकाळपर्यंत दुप्पट गोठतं.

आणि हँडब्रेक. ओल्या रस्त्यावरून येऊन किंवा गाडी धुऊन तशीच हँडब्रेक ओढून उभी केली की पॅड डिस्कला चिकटून गोठतात. मग माणूस रेस देतो, चाक फिरत नाही, ओढत जातं, आणि थंड टायरचा एकच भाग घासला जातो. गिअरमध्ये उभी करा, चाकाला ठोकळा लावा, हँडब्रेक सोडा. धुतल्यावर दोन-चार वेळा हलका ब्रेक मारत फेरी मारून आणायची, डिस्क कोरड्या झाल्या की मगच आत.

उघडं_छप्पर

बीडिंगला नेमकं काय लावायचं? मी दरवर्षी व्हॅसलीन चोपडते. आजवर दार कधी चिकटलं नाही.

भट्टी_नंबर_तीन

चिकटणार नाहीच, पाणी टिकत नाही तिथे. पण व्हॅसलीन खनिज तेलापासून बनतं आणि ईपीडीएमचं खनिज तेलाशी वैर आहे. रबर ते पितं, फुगतं, मऊ पडतं. पहिल्या वर्षी छान वाटतं, काही वर्षांनी ओठ लिबलिबीत होऊन आकार सोडतो. हेच व्हॅसलीन नायट्राइल या तेल सोसणाऱ्या रबराला चालतं, म्हणून 'माझ्या आजोबांनी पंपाच्या वायसरला लावलं होतं' हा पुरावा दारासाठी धरू नये. डब्ल्यूडी-४० चा साधा डबासुद्धा याच कारणाने नको.

सिलिकोनचं ग्रीस किंवा सिलिकोन तेल लावा. क्रायटॉक्ससारखी फ्लोरिनवाली ग्रीस महाग पण फार टिकाऊ, दुमडत्या छपराच्या गाड्यांना बऱ्याच जणांची तीच पसंती असते. ग्लिसरीन हा जुना उपाय, रबराला अपाय नाही, पण पाण्यात विरघळतं, दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावायला लागतं. शंखजिऱ्याची भुकटी कोरड्या जागेत ठीक, ओलाव्यात तिचा लगदा होतो.

लावण्याआधी ओठ पुसणं हे अर्धं काम. बीडिंगच्या दुमडीत बोट घालून बघा, काळी रेती निघते. ती तशीच ठेवून वर ग्रीस लावलंत तर पॉलिशपेपर तयार होतो. ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग स्पंजवर वाटाण्याएवढं घेऊन इतकं पातळ ओढा की बोट लावल्यावर चमक दिसेल पण बोट ओलं होणार नाही. फवारा मारू नका. सिलिकोन उडून समोरच्या काचेवर गेलं तर वायपर महिनाभर फराटे मारतो, ब्रेक डिस्कवर गेलं तर त्याहून वाईट, आणि रंगावर गेलं तर पुढे रंगकाम करणारा तुमच्या नावाने बोटं मोडतो.

उघडं_छप्पर

अरेच्चा, दहा वर्षं व्हॅसलीन! उद्याच बंद.

माझ्याकडून एक, दुमडत्या छपरांसाठी. जुन्या माझदा मियाटाची आणि २००३ च्या आधीच्या पोर्शे बॉक्स्टरची मागची खिडकी काचेची नाही, प्लास्टिकची आहे. थंडीत छप्पर उघडलं की ती दुमडते त्या रेषेवर तडकते. उन्हाळ्यातसुद्धा छप्पर अर्ध्यावर थांबवून, घडीवर हाताने हलकी थाप मारून खिडकी नीट वळवायची ही या गाड्यांच्या मालकांची जुनी सवय. गारठ्यात मात्र थापही नको, छप्पर बंदच ठेवा. आणि ओलं छप्पर दुमडून हिवाळाभर ठेवलं तर बुरशी येते, तेव्हा उभं आणि ताणलेलंच बरं.

हिशोबी_माणूस

टायरच्या हवेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

समजा २० अंशांना टायरमध्ये ३२ पीएसआय भरली. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेच्या वरचा दाब. खरा दाब त्यात १४.७ मिळवून ४६.७. तापमान केल्विनमध्ये २९३ वरून २६३ वर, म्हणजे उणे १० ला आलं. ४६.७ गुणिले २६३ भागिले २९३ बरोबर ४१.९. त्यातून १४.७ वजा केले की गेजवर २७.२. एकही रेणू गळला नाही आणि जवळजवळ ५ पीएसआय गेले. ढोबळ हिशोब, दर सहा अंशांना एक पीएसआय.

नायट्रोजन भरला की हे होत नाही म्हणणाऱ्यांसाठी, नायट्रोजनही याच नियमाने आकसतो. साध्या हवेत तो ७८ टक्के आहेच.

उभ्या गाडीत याचा अर्थ असा की टायर जमिनीवर जास्त बसतो, बाजूची भिंत जास्त दुमडते आणि तळवा सपाट होतो. म्हणून थंडी यायच्या आधी, शेड अजून उबदार असताना, नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण बार (साधारण ७ ते ११ पीएसआय) जास्त भरून ठेवावी. टायरच्या भिंतीवर छापलेल्या कमाल दाबाच्या आत मात्र. आणि थंडी सरल्यावर गाडी बाहेर काढण्याआधी ती आठवणीने कमी करावी. मी एकदा विसरलो. पहिल्या वळणाला मागचा भाग मला भेटायला पुढे आला.

मागचं_चाक

सपाट डागांबद्दल विचारणारच होतो. गाडी घोड्यांवर, म्हणजे गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर, चढवून चाकं अधांतरी ठेवली तर? टायरही वाचतील आणि जमिनीची थंडीही लागणार नाही.

तेलकट_हात

एका हिवाळ्यासाठी घोड्यांच्या भानगडीत पडू नका. चाकं लोंबकळली की सस्पेन्शन पूर्ण खाली येतं, रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहतात, शॉकचा, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळकांड्याचा, चकचकीत दांडा ओलाव्यात उघडा पडतो. त्यावर गंजाचा ठिपका आला की तो शॉकचं सील खरवडतो आणि तेल गळायला लागतं. टायर वाचवायला गेलात आणि शॉक घालवलेत.

चढवायचीच तर घोड्या सस्पेन्शनच्या खालच्या हाताखाली, म्हणजे गाडीचा भार स्प्रिंगवर राहील अशा. पण अशी गाडी जमिनीलगत असते, जागा मिळत नाही, आणि चुकीच्या जागी टेकवलं तर पत्रा आत जातो.

सपाट डागाची एवढी धास्ती घेऊ नका. वेगवान टायरांच्या पट्ट्यावर नायलॉनचा थर असतो, तो उभ्या उभ्या आकार धरतो. थंडी सरल्यावर वीस-तीस मिनिटं नीट चालवलं, टायर गरम झाले, की पहिल्या दहा मिनिटांतली धडधड बहुतेक वेळा निघून जाते. महिनोन्‌महिने कमी हवेवर उभी राहिलेल्या गाडीचा डाग मात्र कायमचा राहू शकतो. हवा जास्त भरा, चाकांखाली जाड फोमची किंवा लाकडी फळी ठेवा. सिमेंट टायर खातं ही अफवा. पण सिमेंटवर साचलेलं पाणी गोठून टायरला धरून ठेवतं, ते मात्र खरं.

वाचनमात्र

मग दर आठवड्याला गाडी पाच मिनिटं सुरू करून ठेवायची, ते बरोबर ना? बाबा तसं करतात.

तेलकट_हात

बाबांना माझा नमस्कार सांगा आणि चावी लपवा.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. बरंचसं वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं, थोडं पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतं. इंजिन पूर्ण तापलं तर ती वाफ निघून जाते. पाच मिनिटांत तेल कोमटही होत नाही. दर आठवड्याला तुम्ही तेलात थोडं थोडं पाणी मिसळताय. तेलाचं झाकण उघडून बघा, आतून पिवळट फेसाळ साय दिसेल.

आता धाग्याचा विषय, सील. हीच साय आणि पाणी इंजिनची आतली हवा बाहेर नेणाऱ्या नळीत गोठतं. नळी बंद, आत दाब वाढतो, आणि दाब सगळ्यात कमजोर जागा शोधतो. क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, मागचं ऑइल सील. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

एकतर गाडी सुरू करून तेल पूर्ण तापेपर्यंत चालवा, नाहीतर चार महिने हातच लावू नका. उन्हाळी टायर असतील तर पहिला पर्याय नाहीच. उभी करण्याआधी तेल बदलून ठेवा, जुन्या तेलातलं आम्ल आणि पाणी हिवाळाभर आत नको.

जुना_पापी

हे मात्र मी नेहमी सांगतो. थंड इंजिनाला रेस देणाऱ्यांचे हात बांधायला हवेत. जुन्या बीएमडब्ल्यूच्या ई-४६ एम-३ च्या आरपीएम काट्याभोवती छोटे दिवे असतात, तेल थंड असताना बरेच पेटलेले, तापत जाईल तसे एकेक विझतात. तेवढे विझेपर्यंत उजवा पाय हलका. त्या इंजिनात १०-डब्ल्यू-६० तेल, गारठ्यात मधासारखं.

भट्टी_नंबर_तीन

पापीदादा, यावेळी एकमत. इंजिनच्या बऱ्याच सीलमध्ये फ्लोरोकार्बन रबर असतं. उष्णता आणि तेल सोसायला उत्तम, पण थंडीत नेहमीच्या जाती उणे १५ ते २० च्या आसपासच ताठ होतात. दाराचं स्वस्त ईपीडीएम उणे ४० ला हसत असतं आणि इंजिनातलं महाग सील आखडलेलं असतं. ताठ ओठ फिरत्या दांड्याच्या बारीक थरथरीबरोबर हलू शकत नाही, म्हणून सुरुवातीला तेलाचे एक-दोन थेंब पाझरतात. गरम झाल्यावर थांबले तर सील लगेच बदलायला धावू नका.

हिशोबी_माणूस

फुटलेल्या चॅलेंजर अंतराळयानाचं हेच झालं ना? ओ-रिंग, म्हणजे सीलचं गोल रबरी कडं, गोठून तुटली.

भट्टी_नंबर_तीन

तुटली नाही, आळसावली. २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणाच्या वेळी तापमान २ अंशांच्या आसपास होतं. रिंग त्याच फ्लोरोकार्बन घराण्यातली. रॉकेटचा जोड किंचित उघडला तेव्हा तिने झटकन फुगून फट भरायची होती, थंडीने ती मंद झाली आणि गरम वायू निसटला. पुढच्याच महिन्यात चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रिंगचा तुकडा शिकंज्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि बाहेर काढून सोडला. तो लगेच पूर्ववत झाला नाही. पेल्यातल्या पाण्याचं तापमान शून्याच्या जवळपास होतं, उणेही नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलांना मी हाच प्रयोग करायला लावते.

विषयांतर झालं. एसीच्या कॉम्प्रेसरचंही सील असतं, पण थंडीत गाडीच तो चालू होऊ देत नाही. चार महिन्यांनी काही बिघडत नाही, उबदार दिवसांत चालवा.

मागचं_चाक

मंडळी, अहवाल.

शेडमध्ये तेल भरलेला विजेचा रेडिएटर लावला. उघड्या ज्योतीचा हीटर पेट्रोलच्या गाडीजवळ नको, असं बायकोने माझ्या आधी सांगितलं. दीड दिवस ८ अंशांवर ठेवलं, मग गोठणबिंदूंच्या सांगण्यानुसार टॉर्च आडवी धरली. पुढच्या डाव्या टायरवर सात भेगा, उजव्यावर चार, आणि एका गोटीचा कोपरा गायब. खाचेच्या तळात नख जातं. दोन्ही बाद. मागचे दोन निर्मळ, सगळा घेर फिरवून पाहिला.

उडालेला तुकडा जमिनीवर सापडला. आता ऊब मिळाल्यावर तो बोटांत खोडरबरासारखा वाकतो. मुलीने तो रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला आणि सकाळी टेबलाच्या कडेवर आपटला. टक्‌कन दोन तुकडे. मी काही बोललो नाही.

बीडिंग चिकटवलंय, नवीन पट्टी मागवली. इतर तिन्ही बाजूंच्या दुमडीतून चमचाभर रेती निघाली.

एक प्रश्न राहिला. पुढचे नवे टायर आत्ताच बसवून घेऊ का?

गोठणबिंदू

नको. नवे टायर घरात आणा, अंधाऱ्या कोपऱ्यात उभे ठेवा, मोटर चालणाऱ्या यंत्रांपासून लांब, कारण तिथे ओझोन तयार होतो. थंड वर्कशॉपमध्ये रिमवर टायर चढवताना त्याची कड जबरदस्तीने ताणतात, नवाकोरा टायर तिथेच जाईल. उबदार दिवस येऊ दे. जुने फाटके टायर तोवर गाडी उभी ठेवायला पुरेत.

तेलकट_हात

आणि भिंतीवरचे चारही अंक बघून घ्या, टायर कुठल्या आठवड्यातला, कुठल्या वर्षातला ते. २३१९ असेल तर २०१९ मधला तेविसावा आठवडा. जुना माल नवा म्हणून घेऊ नका.

वाचनमात्र

शिडी आता कुठे ठेवलीये?

मागचं_चाक

बाहेर. बर्फात.